माती, दगड, पितळ, कातडे : कोल्हापूरच्या घरादारातील वस्तूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या घरांची डागडुजी आणि घरातील जुन्या वस्तूंची निगा हा माझ्या लेखनाचा विषय असल्यामुळे त्यासंबंधी मला सतत प्रश्न येतात. त्यांतील बरेचसे फिरून तेच असल्याने उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, असे ठरवले. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. वस्तू कशाची बनली आहे, याने जगण्यात असा काय फरक पडतो? घागर ती घागरच ना?

घागरीचेच पाहू. पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो भरते आणि घागर कशाचीही असली तरी ते चुकत नाही. मात्र तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊ पट जड असते, तर घागरीसाठी वापरले जाणारे प्लास्टिक पाण्यापेक्षाही किंचित हलके असते. धातूची भरलेली घागर डोक्यावर चुंबळ ठेवून, मान न हलवता आणणे हे सरावाचे काम होते आणि ते घरातील थोरल्या बायकांकडेच राहत असे. प्लास्टिकची घागर आली तशी शाळकरी मुलेही सायकलला दोन्ही बाजूंनी घागरी अडकवून पाणी आणू लागली. पाणी कोणी आणायचे, हे घागरीच्या वजनाने बदलले.

याला दुसरी बाजूही आहे. तांब्यापितळेची घागर चिंचेने घासावी लागते, पण पोचा आल्यास तांबट ती ठोकून देतो, आणि अगदी निकामी झाली तरी मोडीत वजनावर तिचे पैसे येतात. म्हणूनच ती रुखवतात मांडली जात असे. प्लास्टिकची घागर घासावी लागत नाही आणि तडकली की दुरुस्तही होत नाही. प्रत्येक वस्तू आपल्याकडून कसली ना कसली उठाठेव करून घेते. ती कोणी करायची, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात, हे ती वस्तू कशाची आहे यावर ठरते. पुढील सर्व उत्तरांत हेच सूत्र वेगवेगळ्या रूपांत दिसेल.

2. जिल्ह्याच्या पश्चिमेला कौलारू घरे आणि पूर्वेला धाब्याची घरे, असे का?

याचे कारण पाऊस. गगनबावड्याला आणि शिरोळला पडणाऱ्या पावसात साधारण दहा पटींचे अंतर आहे. मातीचे सपाट धाबे गगनबावड्याच्या पावसात एक आषाढही टिकणार नाही. तेथे पाणी अंगावरून झटकून टाकणारे उतरते छप्परच हवे. उलट शिरोळच्या उन्हात मातीचा जाड थर डोक्यावर असणे सुखाचे असते.

छपरामुळे घरातील वागणेही ठरले. धाब्यावर मिरच्या वाळतात, सांडगे-पापड घातले जातात आणि उन्हाळ्यात अंथरुणे पडतात. शेजारच्या धाब्यावर कोण झोपले आहे हे दिसते आणि बोलणेही होते. कौलारू घरात हे वाळवण अंगणात येते, त्यामुळे कोंबड्या-कावळे हाकायला एक माणूस बसवावा लागतो. त्याऐवजी आढ्याखाली माळा मिळतो आणि धान्य, सरपण, जुन्या पेट्या तेथे जातात.

नळीची कौले दरवर्षी मृगाआधी चाळावी लागत. माकडे, मांजरे आणि वारा यांनी सरकलेली कौले पुन्हा बसवण्याच्या या शाकारणीसाठी माणसे आधीपासून सांगून ठेवावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसते, त्यामुळे हे वार्षिक काम बरेच कमी झाले. अशी कौले बनवण्याचा कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला काढला होता. पत्र्याने शाकारणी पूर्ण संपवली. मात्र पावसाची सर आली की पत्र्याखाली बोलणे थांबवावे लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

3. मातीच्या घराला ‘पांढरी माती’च लागते, असे म्हणतात. शेतातील काळी माती का चालत नाही?

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. तिची भिंत घातली तर ती दरवर्षी तडकेल. पांढरी माती ही गावठाणाची माती आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींचा चुरा आणि चुनखडीचा अंश यांनी ती बनते, बारीक असते आणि फारशी फुगत नाही. पडलेल्या घराची माती भिजवून, तुडवून तिचेच नवे घर उभे राहत असे. आपल्या भाषेत शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणतात, ते या दोन मातींवरूनच.

अशा भिंती दीड-दोन फूट जाड असतात. बाहेरचे ऊन आत पोहोचायला त्यांना कित्येक तास लागतात, म्हणून दुपारी घर थंड वाटते. जाडीमुळे मिळणाऱ्या दिवळ्या आणि कोनाडे म्हणजे त्या घराची कपाटेच. अर्ध्या विटेच्या भिंतीत कोनाडा काढता येत नाही, म्हणून लोखंडी कपाट विकत आणावे लागते.

4. सारवलेली जमीन जाऊन फरशी आली, याने स्वच्छतेखेरीज काय बदलले?

सारवलेली जमीन ओल सहन करत नाही आणि जड फर्निचरचे पायही सहन करत नाही. त्यामुळे माणसे खाली बसत, अंथरुणे रोज गुंडाळली जात आणि एकच खोली दिवसभरात चार कामांना येत असे. शहाबादी फरशी आल्यावर खोलीत पलंग कायमचा बसला.

माझ्या मते यापेक्षा मोठा बदल कडप्प्याच्या ओट्याने केला. चुलीपुढे पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि हाताशी असलेल्या विळीची जागा सुरीने घेतली. बसून चिरणाऱ्या बाईच्या भोवती मुले आणि शेजारणी बसत. उभ्याने चिरणारीची पाठ घराकडे असते. ओट्याविषयी एक व्यावहारिक सूचना : कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, त्यामुळे लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर सांडून राहिल्यास त्यावर फिकट डाग पडतो आणि तो घासून जात नाही.

5. पितळेच्या पातेल्याला कल्हई किती दिवसांनी करावी? आणि ती खरोखर आवश्यक आहे का?

आंबट किंवा खारट पदार्थ शिजवायचा किंवा ठेवायचा असेल, तर आवश्यक आहे. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांतील आम्ल पितळेतील तांब्यावर परिणाम करते. पदार्थ कळकतो आणि तो खाल्ल्यास मळमळते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतात, त्याने पृष्ठभाग साफ होतो. मग कथिलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवले जाते. नवसागराचा तो पांढरा धूर आणि क्षणात चांदीसारखे उजळणारे पातेले पाहण्यासाठी गल्लीतील सगळी पोरे कल्हईवाल्याभोवती गोळा होत.

दिवसांचा हिशेब न करता भांड्याकडे पाहावे. तळाला पिवळेपणा डोकावू लागला की कल्हई संपली. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे रिकामे भांडे आचेवर कधीही ठेवू नये. तारेच्या घासणीनेही थर लवकर जातो.

कल्हईचा हा त्रास चुकवायला स्टील आले, पण स्टील उष्णता फार सावकाश पसरवते. तांबे ती स्टीलच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाहून नेते आणि पितळ या दोहोंच्या मधले. म्हणून स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर नेमके तेवढेच गोल करपते. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध घातल्यावर ते फुटू नये म्हणून जी एकसारखी मंद आच लागते, ती जाड पितळी पातेल्यात सहज मिळते. स्टीलमध्ये त्यासाठी पळी हातात धरून उभे राहावे लागते.

6. बिडाचा तवा आणि लोखंडी तवा यांत फरक काय?

बीड हे ओतीव लोखंड आहे. त्यात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो. ते वाळूच्या साच्यात ओतले जाते, म्हणून तव्याच्या पाठीवर खरखरीतपणा राहतो. लोखंडी तवा पत्र्याचा असतो. पत्र्याचा तवा पडला तर वाकेल, बिडाचा फुटेल. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले तरी तो तडकू शकतो. त्याच्या बदल्यात बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे घावन आणि धपाटे त्यावर चांगले होतात. घासण्याऐवजी पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावा.

कोल्हापूर शहराला हे ओतीव लोखंड चांगले ओळखीचे आहे. उसाच्या चरकांची आणि पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता येथे ओतकाम वाढले. शिवाजी उद्यमनगरातील छोट्या शेडपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीपर्यंतचा पसारा त्यातूनच उभा राहिला. बीड थरथर शोषून घेते, हा गुण इंजिनाच्या आणि यंत्राच्या बैठकीला उपयोगी पडतो.

7. कांदा-लसूण चटणी डंकावर कुटलेलीच चांगली, हा केवळ हट्ट आहे का?

हट्ट आहे, पण बिनबुडाचा नाही. मिक्सरचे पाते फार वेगाने फिरते आणि घर्षणाने मसाला तापतो. मसाल्यातील सुगंधी तेले उडून जाणारी असल्यामुळे वास कमी होतो. डंकाचा लोखंडी मुसळ सावकाश पडतो आणि कापण्याऐवजी ठेचतो. त्यामुळे कांदा, लसूण आणि खोबरे यांचे तेल मिरचीत मुरते आणि चटणी ओलसर, दाणेदार राहते.

याचा दुसरा परिणाम असा की चटणी थोडीथोडी करता येत नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, देठे खुडून, मसाला भाजून डबे घेऊन डंकावर रांग लावायची आणि वर्षाची चटणी एकदम करून आणायची, हा कोल्हापूरच्या घरांचा वार्षिक कार्यक्रम झाला आहे. त्या दिवशी घरात सगळ्यांनाच शिंका येतात. पाट्यावर रोजचे वाटण करणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी. तेथे पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, आणि टाकीवाला आता सहसा दारावर येत नाही. जात्याचेही तेच झाले. दळण गिरणीत गेले आणि दळताना म्हणायच्या ओव्यांना पहाटेची वेळच उरली नाही.

8. नवी कोल्हापुरी चप्पल चावते. काय करावे?

घाई करू नये. हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावलेले असते. जुन्या रीतीत कातड्याची पिशवी शिवून तिच्यात तो अर्क भरतात आणि ती टांगून ठेवतात. अर्क हळूहळू झिरपत जातो आणि सगळ्या कामाला कित्येक आठवडे लागतात. असे कातडे घट्ट असते, पण घाम शोषते आणि पायाचा आकार घेते. पट्ट्याच्या व अंगठ्याच्या आतल्या बाजूला तेलाचा हलका हात द्यावा, रात्रभर ठेवावे आणि पहिले आठ-दहा दिवस घरातच तासभर वापरावी. महिन्याभराने तळावर आपल्या पाच बोटांचे खळगे उमटलेले दिसतील. मग ती दुसऱ्याला घालायला दिली तर त्याला चावेल.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे पहिल्या दिवसापासून मऊ असते. दोन्हींतील फरक ओळखायचा असेल तर कापलेली कड पाहावी : सालीने कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी दिसते, क्रोमचे बहुधा मध्ये निळसर-राखाडी असते. वरून दिलेल्या रंगावर जाऊ नये. शिवण चामड्याच्या वादीची आहे की तळ नुसता चिकटवलेला आहे, हेही पाहावे.

9. पावसाळ्यात चप्पल वापरली तर चालेल का?

नाही. भिजलेले कातडे फुगते, शिवणीची वादी सैल पडते आणि तळाचे थर सुटू लागतात. भिजलीच तर आतून कागद भरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. मी एकदा शहाणपणा करून ओला जोड पत्र्यावर उन्हात ठेवला. संध्याकाळी तो पापडासारखा वळला होता आणि पुन्हा कधी पायात आला नाही.

आपल्याकडे पायताणालाही ऋतू आहे. मृग लागला की कोल्हापुरी पुसून, तेल देऊन कापडात बांधली जाते (प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यास बुरशी येते) आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा निघते. मधले चार महिने रबरी चपलेचे.

10. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. मग कर्नाटकात बनलेली चप्पल नकली म्हणायची का?

नाही. 2019 साली जाहीर झालेले हे मानांकन आठ जिल्ह्यांसाठी आहे : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कसब सीमेच्या दोन्ही बाजूंना होते आणि राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. कोल्हापुरातील दुकानात मिळाली म्हणून चप्पल अस्सल होते, असेही नाही. तपासणी प्रश्न 8 मध्ये दिल्याप्रमाणे कातड्याची आणि शिवणीची करावी.

11. कुस्ती मातीत आणि मॅटवर, हा फरक फक्त जमिनीचा आहे ना?

जमीन बदलली की कुस्तीच बदलते. हौद्यातील, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील, तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून ती मुरवलेली असते, त्यामुळे ती धुळीसारखी उडत नाही आणि वाळून दगडही होत नाही. ती रोज खणावी लागते, आणि हौदा खणणे हाच तालमीतील पोरांचा पहिला व्यायाम असतो. मातीत पाय रुततो, हालचाल संथ होते, अंगाला माती लावून पकड घेता येते. म्हणून ताकद, दम आणि चिवटपणा यांना किंमत येते. परंपरेने निकालही एकच : चितपट. मॅटवर पाय झपकन सरकतो, घड्याळ लावलेले असते आणि गुण मोजले जातात. चपळाई आणि पहिल्या मिनिटाचा हल्ला यांना तेथे महत्त्व येते.

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 साली खुले झाले आणि तेथील माती शहराच्या अभिमानाचा विषय आहे. तरीही नुसत्या मातीवर वाढलेल्या मल्लाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पायांची सवय मोडून नवी लावावी लागते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला मिळवलेले ब्राँझपदक या दृष्टीने पाहिले, तर आणखी मोठे वाटते. तालमींनी मॅट घ्यावी; पण त्यासाठी हौदा बुजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

12. बंधाऱ्याचे ‘बरगे’ म्हणजे काय? त्यांचा आणि आमच्या जगण्याचा काय संबंध?

राज्यभर ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, त्यात नदीत दगडी खांब असतात आणि खांबांच्या खाचांत आडव्या फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या फळ्या म्हणजे बरगे. फळ्यांच्या दोन रांगा लावून मधल्या जागेत माती भरतात, म्हणजे गळती कमी होते. पावसाळा संपला की बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. न काढल्यास पुराला वाट मिळत नाही. ऊसपट्ट्यातील पाण्याचे वेळापत्रक या फळ्यांवर चालते, आणि दोन्ही तीरांवरच्या गावांना बंधारा हा जवळचा रस्ताही असतो.

बरगे पूर्वी लाकडी असत. लाकूड भिजून फुगते आणि फट आपोआप बुजते, पण ते कुजते. लोखंडी बरगे कुजत नाहीत. ते गंजतात, आणि मोडीत त्यांना भाव असल्यामुळे चोरीलाही जातात. लाकडी फळीची राखण कोणाला करावी लागत नव्हती.

13. आमच्या जुन्या मातीच्या भिंतीला ओल येते. सिमेंटचा गिलावा करून घ्यावा का?

करू नये. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो येईपर्यंत बहुधा गिलावा झालेला असतो. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून ती बाहेर सोडते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा हे सोडणे चालू ठेवतो. सिमेंटचा गिलावा ते बंद करतो. ओल आतच साठते, वर चढते, क्षार फुलतात आणि शेवटी गिलाव्याचा पापुद्रा मागची माती घेऊन सुटतो. आमच्या स्वतःच्या घराच्या पाठभिंतीला ठेकेदाराच्या सांगण्यावरून सिमेंट मारले होते. तीन पावसाळ्यांनी बोटाने टकटक केल्यावर भिंत पोकळ वाजू लागली, आणि गिलावा काढला तेव्हा आतील माती ओल्या गुळासारखी हातात आली.

आधी ओलीचे मूळ शोधावे : पन्हळ फुटली आहे का, अंगणाची पातळी जोत्याच्या वर गेली आहे का, मोरीचे पाणी भिंतीशी मुरते आहे का. त्यानंतर चुन्याचा गिलावा करावा. रंगही चुन्याचाच द्यावा. तेलरंग आणि बहुतेक प्लास्टिक रंग सिमेंटसारखाच घोटाळा करतात. जोते काळ्या दगडाचे असेल, तर त्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरण्याचे काम वेगळे असते; पण तेथेही मी चुनाच सुचवतो.

14. पुराचे पाणी मातीच्या घरात आले होते, पण घर पडले नाही. आता राहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मातीची भिंत पुष्कळदा पाणी ओसरल्यावर पडते. पाणी दोन्ही बाजूंना असताना भिंतीला दाबाचा आधार असतो. ते उतरल्यावर भिजून मऊ झालेल्या तळावर वरच्या सुक्या भिंतीचे आणि छपराचे सगळे वजन येते.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका मानली जाते. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत ती धोक्याच्या पातळीच्या खूप वर गेली होती. नदीकाठच्या पेठांत कोणत्या फुटाला गहू माळ्यावर न्यायचा आणि कोणत्या फुटाला घर सोडायचे, हे घरोघरी पाठ असते. जुन्या घरांचे जोते काळ्या दगडाचे आणि उंच असे, ते याच हिशेबाने. दगड भिजला तरी विरघळत नाही. नंतर रस्त्यांवर थरावर थर चढत गेले आणि तीच जोती बुटकी झाली.

पाणी उतरल्यावर भिंतीला तिरके टेकू लावावेत, माळ्यावरचे वजन उतरवावे, दारे-खिडक्या उघडी ठेवावीत आणि खालचा फुगलेला गिलावा काढून भिंत उघडी करावी. भिंतीत उभी भेग असेल किंवा पोटाला फुगवटा आला असेल, तर जाणकाराने पाहिल्याशिवाय आत झोपू नये. जाड भिंत आतपर्यंत वाळायला काही महिने लागतात, म्हणून दिवाळीला रंग काढण्याची घाई करू नये. गिलावा पुढच्या उन्हाळ्यात करावा. गाळ भरलेली जमीन मात्र लगेच खरवडावी, कारण वाळलेला गाळ फावड्यालाही दाद देत नाही.